ओरिजिनल की लोकल? सुट्या भागांची कहाणी

मागच्या हिवाळ्यात आमची बारा वर्षांची गाडी दुरुस्तीला टाकली होती. दुपारी गॅरेजमधून फोन आला, "पुढच्या चाकाजवळचा बोल्ट तुटला. काम वाढलं, दोनशे डॉलर जास्त लागतील." मी तावातावाने म्हणालो, "तोडला तुम्ही, आणि पैसे मी का द्यायचे?" पलीकडचा गृहस्थ शांतपणे म्हणाला, "येऊन बघा."

त्या रात्री मला वडिलांची फियाट आठवली. रविवारी त्यांच्याबरोबर मी कुर्ल्याच्या मिस्त्रीकडे जात असे. पार्टच्या दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "ओरिजिनल देऊ की लोकल?" वडील क्षणभर खिसा चाचपायचे आणि मग उत्तर द्यायचे. 'ओरिजिनल' म्हणजे नेमके काय, हे मात्र तेव्हा कोणी सांगितले नाही. ते समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते.

सुरुवातीच्या मोटारी एकेक करून घडवलेल्या असत. कारागीर प्रत्येक भाग कानशीने घासून जागी बसवी. त्यामुळे एका गाडीचा भाग त्याच कंपनीच्या दुसऱ्या गाडीलाही बसेल याची खात्री नसे. ही अडचण दूर करण्याचा ध्यास हेन्री लेलँड या अमेरिकन कारखानदाराने घेतला. बंदुकांच्या कारखान्यात काम केल्यामुळे मोजमापातल्या काटेकोरपणाचे महत्त्व त्याला पक्के ठाऊक होते. १९०८ साली त्याच्या कॅडिलॅक कंपनीच्या तीन गाड्यांची इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्स येथे रॉयल ऑटोमोबाईल क्लबने परीक्षा घेतली. तिन्ही गाड्या पूर्ण सुट्या करून त्यांचे भाग एकमेकांत मिसळले. त्यातले ८९ भाग बाजूला काढून त्यांच्या जागी विक्रेत्याच्या साठ्यातले नवे भाग घेतले. मग साध्या हत्यारांनी, कानस न लावता, त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या उभ्या केल्या. वेगवेगळ्या रंगांच्या तुकड्यांमुळे त्या विदूषकासारख्या दिसत होत्या म्हणे! पण त्या ५०० मैल धावल्या आणि कॅडिलॅकला डेवार चषक मिळाला.

गंमत अशी, की भाग घासल्याशिवाय बसू लागला तेव्हाच तो दुसऱ्या कोणालाही बनवता येईल हेही ठरले. माप मिळाले की झाले! १९०९ साली जॉर्ज पेपरडाइन या तरुणाने कॅन्सस सिटीतून टपालाने मोटारीचे सामान विकायला सुरुवात केली. फोर्डच्या मॉडेल टी गाड्या घरोघरी येत होत्या आणि गिऱ्हाईक तयार होते. त्याची 'वेस्टर्न ऑटो' दुकाने पुढे देशभर पसरली. त्याच कमाईतून त्याने १९३७ साली लॉस एंजेलिसमध्ये जे कॉलेज काढले, तेच आजचे पेपरडाइन विद्यापीठ. आपल्या मुलांपैकी एखादे तिथे शिकत असेल, तर त्या शिक्षणाची मुळे मॉडेल टीच्या सामानात आहेत.

आपल्याकडे सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट पुढे 'पद्मिनी' झाली. नाव बदलले, तरी मूळ घडण अनेक वर्षे जवळजवळ तीच राहिली. त्यामुळे तिचे भाग बनवणारे छोटे कारखाने आणि ते डोळे मिटून बसवणारे मिस्त्री तयार झाले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदली गेली होती आणि वीस वर्षांची मर्यादा पूर्ण झाल्यावर २०२३ साली ती निवृत्त झाली. 'लोकल' भागांशिवाय त्या टॅक्सीवाल्यांचे संसार चालले असते का?

अमेरिकेत हा वाद दुकानातून कायद्यात गेला. दुसऱ्या कंपनीचा भाग बसवला एवढ्याच कारणावरून वॉरंटी नाकारता येणार नाही, असे १९७५च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने ठरवले. अपघातानंतर बसवायच्या बाहेरच्या भागांना प्रमाणपत्र देणारी 'कापा' ही संस्था १९८७ साली निघाली. १९९९ साली इलिनॉयमध्ये दुरुस्तीत मूळ कंपनीचे भाग न वापरल्याबद्दल एका विमा कंपनीला शंभर कोटी डॉलरहून अधिक भरपाई सुनावली गेली. २००५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ आणि २०२० साली दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने कौल दिला.

मग चांगले कोणते? एक उदाहरण बोलके आहे. २००४ ते २००८च्या सुमारास फोर्डच्या काही ट्रकमध्ये ५.४ लिटरच्या इंजिनाला दोन तुकड्यांचा स्पार्क प्लग होता. त्याचे खालचे टोक काजळीने इंजिनात घट्ट बसे आणि प्लग काढताना मोडून आतच राही. तो प्लग शंभर टक्के ओरिजिनल होता! नंतर बाहेरच्या कंपन्यांनी एकसंध प्लग बाजारात आणले. उलट बाजूही विसरू नये. २०१२ साली सरकारच्या वाहतूक सुरक्षा विभागाने नकली एअरबॅगबद्दल इशारा दिला होता. दुसऱ्या कंपनीने स्वतःच्या नावाने विकलेला भाग वेगळा आणि खोटे नाव लावलेला नकली भाग वेगळा. पहिल्यात प्रतीची निवड असते, दुसऱ्यात सरळसरळ फसवणूक.

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजमध्ये गेलो. त्या गृहस्थाने पिशवीतून तुटलेला बोल्ट काढून हातावर ठेवला. मधोमध तो गंजून निम्मा झाला होता. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. त्याने लोखंड गंजते आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. तो आट्यांमध्ये आवळून बसतो. पाना फिरतो, डोके फिरते, पण आटे हलत नाहीत. सगळा पीळ गंजून बारीक झालेल्या दांड्यावर येतो आणि तो तिथे तुटतो. प्लॅस्टिकच्या क्लिपचेही तसेच. वर्षानुवर्षे इंजिनाची धग खाऊन त्या पापडासारख्या होतात आणि बोट लावताच तुटतात. काही इंजिनांचे बोल्ट तर आवळताना मुद्दाम ताणले जातात. ते एकदाच वापरायचे असतात. जुनाच पुन्हा लावला, तर दोष बोल्टचा नव्हे, लावणाऱ्याचा.

म्हणजे माझा बोल्ट त्या दुपारी नव्हे, बारा हिवाळ्यांत हळूहळू तुटत आला होता. मी माफी मागितली आणि पैसे दिले. निघताना त्याने सांगितले, की आदल्या रात्रीच त्याने बोल्टवर तेल सोडले होते. कुर्ल्याचा मिस्त्रीही तसेच करायचा, फक्त तो रॉकेल वापरायचा.

म्हणून मंडळी, गाडी टाकताना तीन गोष्टी जरूर करा. कोणाचा भाग बसणार ते आधी विचारा. ब्रेक आणि एअरबॅगच्या बाबतीत स्वस्ताईच्या मागे लागू नका. आणि काढलेला जुना भाग मागून घ्या. तो हातात घेतला, की पुष्कळसे भांडण तिथेच मिटते.