ग्रॅमीची यादी कशी वाचावी?
मंडळी, ग्रॅमी विजेत्यांची यादी म्हणजे जॅझचा इतिहास नव्हे. एकच उदाहरण देतो. जॉन कोल्ट्रेनचा 'अ लव्ह सुप्रीम' हा अल्बम १९६५ साली आला. पुढच्या वर्षी ग्रॅमीसाठी त्याला दोन नामांकनं मिळाली, पुरस्कार मात्र एकही नाही. जॅझवादनाचा मान रॅम्सी लुईस त्रयीच्या 'द इन क्राउड'ला गेला. तेही वादन रंगलेलं होतं, लोकांनी डोक्यावर घेतलेलं. पण पुढच्या पिढ्या कोणता अल्बम पुन्हापुन्हा ऐकून शिकणार, हे मत देणाऱ्यांना तेव्हा कसं कळावं? कोल्ट्रेन १९६७ मध्ये गेले. त्यांना पहिला ग्रॅमी मिळाला १९८२ मध्ये, तोही दुसऱ्याच वादनासाठी! तेव्हा यादी जरूर वाचा. पण त्या-त्या वर्षाच्या आवडीची नोंद म्हणून.