मोरीखालची कडी

डोंगरी, नळबाजार, मदनपुरा किंवा गिरगावातल्या जुन्या चाळीत राहिलेल्या माणसाला ‘टेकू’ म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. जिन्यापाशी, गॅलरीखाली, कधी खोलीच्या मधोमध उभे केलेले ते लाकडी खांब मुंबईच्या इतिहासाचा एक भाग आहेत.

या इमारतींच्या भिंती विटांच्या आणि मजले लाकडाचे. भिंतीपासून भिंतीपर्यंत तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या. उर्दूत तुळईला शहतीर म्हणतात, कडीला मात्र कडीच म्हणतात. मजला, जिना, सुताराचा रंधा आणि गुण्या हे शब्दही अरबी-फारसीतून मराठीत आले आणि इथलेच झाले.

लाकूड बहुतेक सागाचे. पहिल्या इंग्रज-बर्मी युद्धानंतर, म्हणजे १८२६ नंतर, मौलमीन बंदरातून सागाचा मोठा व्यापार सुरू झाला. हे लाकूड जात्याच तेलकट असते, म्हणून त्याच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. मग कड्या कुजतात कशाने? पाण्याने. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला, की बुरशी धरते. म्हणून कडी मधोमध क्वचितच कुजते. ती कुजते मोरीखाली, संडासाच्या नळाजवळ आणि भिंतीत गेलेल्या टोकाला. नेमके हेच टोक कोणाला दिसत नाही.

जाणता सुतार आधी हातोडीने ठोकून बघतो. चांगली कडी खणखणते, कुजलेली बद्द वाजते. मग टेकू लावून भार उतरवायचा, आणि तो टेकू खालच्या सगळ्या मजल्यांतून थेट जमिनीपर्यंत न्यायचा. कुजके लाकूड निरोगी भाग लागेपर्यंत कापायचे, बाजूने नवा तुकडा लांबवर चढवून बोल्टने आवळायचा आणि भिंतीतल्या टोकाभोवती हवेला जागा ठेवायची. टोक सिमेंटने गच्च बुजवले, तर ओल आतच कोंडते.

काम एवढेच, पण पैसे कोण देणार? १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली. फाळणीच्या आणि टंचाईच्या त्या दिवसांत गरिबाच्या डोक्यावर छप्पर राहिले, हे या कायद्याचे श्रेय. पण भाडे तिथेच थांबले आणि सुताराची मजुरी वाढत गेली. मालक म्हणे, परवडत नाही. भाडेकरू म्हणे, घर माझे नाही. पगडी हातोहात फिरत राहिली आणि मोरी गळत राहिली.

पडझड वाढल्यावर १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. जुन्या इमारतींवर उपकर बसला, त्यांना ‘उपकरप्राप्त’ हे नाव मिळाले. पुढे हे मंडळ म्हाडात आले. मंडळाने असंख्य इमारती सावरल्या. कुजलेल्या तुळयांच्या जागी लोखंडी गर्डर आले, त्यांवर लाद्या आणि कोबा. पण जिथे मोरीची गळती तशीच राहिली, तिथे लाकूड कुजायचे त्याऐवजी लोखंड गंजू लागले. सामान बदलले, पाणी तेच राहिले.

३१ ऑगस्ट २०१७ रोजी, मुसळधार पावसानंतर, भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली. ३० हून अधिक माणसे गेली. बकरी ईद दोन दिवसांवर होती.

दरवर्षी पावसाळ्यापूर्वी मंडळ अतिधोकादायक इमारतींची यादी काढते. यादीत नाव आले, की घर सोडायचे आणि संक्रमण शिबिरात जायचे. तिथून परतायला कित्येकांची उमर जाते. म्हणून माणसे यादी वाचतात आणि तिथेच राहतात. त्यांना बेफिकीर म्हणणे सोपे आहे. पुनर्विकास होईल तेव्हा होईल. तोवर मोरीचा नळ आणि लादीचे सांधे तरी आपल्या हातात आहेत. वरच्या खोलीतली गळती थांबवणे हा खालच्या शेजाऱ्याचा हक्क आहे. वर्गणी काढून वेळेवर बदललेला एक नळ एक कडी वाचवतो, आणि त्या कडीच्या आधारावर कुणीतरी झोपलेले असते.