उपटलेल्या दातांची साक्ष
बर्लिनमध्ये काम करणारा अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर याने १८९४ साली मेलेल्या दंतमज्जेतले जीवाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांचे वर्णन केले. त्यांत गोल, दांडीसारखे आणि मळसूत्री असे अनेक प्रकार होते. मात्र काचेखाली दिसणारे सगळेच प्रयोगशाळेत वाढत नव्हते. म्हणजे आरोपी दिसत होते, पण कोणाचा गुन्हा कोणता हे सांगण्याचे साधन हाताशी नव्हते. त्यापुढच्या चाळीस वर्षांत वैद्यकाने या उणिवेकडे काणाडोळा करून निकाल मात्र देऊन टाकला, आणि त्याची शिक्षा रुग्णांच्या दातांनी भोगली. लंडनचे वैद्य विल्यम हंटर यांनी १९१० मध्ये मॉन्ट्रियलच्या भाषणात सोन्याच्या टोप्यांखाली कुजणाऱ्या दातांवर अनेक आजारांचे खापर फोडले. शिकागोत फ्रँक बिलिंग्ज यांनी त्याच विचाराला शास्त्राचे रूप दिले, वेस्टन प्राइस सशांच्या कातडीखाली रुग्णांचे दात बसवू लागले, आणि ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटन यांनी वेड बरे करण्यासाठी दात काढण्याचा सपाटा लावला.

प्रतिजैविके नसलेल्या काळात संशय आला की दात काढणे हाच शहाणपणा नव्हता का, असे कोणी विचारील. एखाद्या सुजलेल्या, पू झालेल्या दाताबाबत तो होताच. पण दुखत नसलेले दातही सांधेदुखीसाठी काढले जात होते, आणि तिथे पुरावा काय होता? उपटलेल्या दाताच्या मुळावर सापडलेले जीवाणू. बाहेर येताना दात हिरडीला घासतो, तिथले जीवाणू त्याला चिकटणारच. त्यामुळे ही साक्ष जवळपास निरुपयोगी होती. खरी उणीव होती ती तुलनेची. सेसिल आणि अँजेव्हाइन यांनी १९३८ मध्ये संधिवाताच्या २०० रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा दात किंवा टॉन्सिल काढलेल्यांपैकी बहुतेकांना काहीच गुण आलेला नव्हता.

म्हणून जीवाणू निर्दोष ठरले असेही नाही. १९६५ मध्ये काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झगेराल्ड यांनी साध्या आणि पूर्णतः जंतुरहित वाढवलेल्या उंदरांची दंतमज्जा उघडी केली. साध्या उंदरांत ती कुजली. जंतुरहित उंदरांत जखमेवर नवे दंतिन धरले. इतका साधा प्रयोग, पण आधीच्या सगळ्या गदारोळात तो कोणी केला नव्हता. १९७६ मध्ये स्वीडनमध्ये सुंडक्विस्ट यांनी मार लागून मज्जा मेलेले, पण वरून अखंड असलेले ३२ दात प्राणवायू वगळून तपासले. मुळाशी हाड झिजलेल्या १९ दातांपैकी १८ मध्ये जीवाणू सापडले, बाकीच्यांत एकातही नाही. आणि सापडलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्राणवायू नकोसे असणारे होते. जुन्या साध्या संवर्धनात असले जीवाणू हाती लागणे अवघडच.

तोंडातले जीवाणू रक्तात उतरून हृदयाच्या झडपेला ग्रासतात, मग हंटर चूक कसे, हा आक्षेप वजनदार आहे. झडप आधीच खराब असलेल्यांना तो धोका खरोखर असतो. पण १९३५ मध्ये ओकेल आणि इलियट यांनी दात काढल्यावर लगेच रक्त तपासले, तर अनेकांच्या रक्तात स्ट्रेप्टोकोकस सापडले. जीवाणूंना रक्ताची वाट दात काढणाऱ्याच्या चिमट्यानेही मोकळी होत होती.