व्यापारी कोण आणि आश्रयदाता कोण?

बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीचा यल्लम्मा डोंगर आणि तंबाखूची पेठ म्हणून ख्यात असलेली निपाणी, ही दोन स्थळे एका दुःखद व्यवहाराच्या इतिहासात जोडली गेली आहेत. देवीला सोडलेल्या कित्येक मुली याच सीमाभागातून मुंबईच्या कामाठीपुऱ्यात पोचविल्या गेल्या. राज्याची हद्द ओलांडली की पोलिसांची हद्दही बदलते, हे दलालास आम्हां पाळकांच्या आधी उमगले होते.

कायदे झाले नाहीत असे नव्हे. अल्पवयीन मुलीची वेश्याव्यवसायासाठी खरेदी-विक्री १८६० च्या दंडसंहितेनेच गुन्हा ठरविली. मुंबई इलाख्याचा देवदासी कायदा १९३४ चा, तर कर्नाटकाचा १९८२ चा. परंतु आपल्या विषयाचे मर्म १९५६ च्या अनैतिक व्यापारविरोधी कायद्यातील चौथ्या कलमात आहे. वेश्येसोबत राहणारी किंवा नेहमी तिच्या सहवासात आढळणारी अठरा वर्षांवरील व्यक्ती तिच्या कमाईवर जगते, असे हे कलम गृहीत धरते. तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार त्या व्यक्तीवरच पडतो. जाळे दलालासाठी विणलेले खरे. पण वृद्ध माता आणि औषध घेऊन नित्य जाणारा सेवक हेही त्यात सापडू शकतात. सांगलीच्या ‘संग्राम’ संस्थेच्या निपाणीतील एड्स-प्रतिबंधक कार्यकर्त्यांना पोलिसी जाच सोसावा लागल्याची नोंद ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने २००२ साली केली आहे. त्या संस्थेची मते आपणांस पटोत वा न पटोत, रुग्णसेवा हा व्यापार नव्हे एवढे तरी मान्य करावे लागेल.

बाहेरून पाहता दोन्ही कृत्ये सारखीच दिसतात, ही खरी अडचण होय. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, तेव्हा निराधार मुलींना हेरणारी दुष्ट माणसेही तेथे वावरत होती. उपाशी मुलीला आगगाडीत बसवून दूर नेणे, हेच दोघेही करीत होते! एकाला तिची किंमत मिळणार होती. रमाबाईंनी तिला अन्न, अक्षरे व केडगावात घर दिले. स्थलांतरितांच्या चोरट्या वाहतुकीविरुद्ध संयुक्त राष्ट्रांनी २००० साली केलेल्या करारातही हीच कसोटी आहे: आर्थिक वा अन्य भौतिक लाभाचा हेतू असेल तरच ती चोरटी वाहतूक. पळून आलेल्या दासाला धन्याच्या हाती देऊ नये, ही अनुवादातील (२३:१५) आज्ञा तर त्याहून फार प्राचीन.

मात्र हेतू शुद्ध आहे म्हणून आम्हांस मोकळीक आहे, असे कोणी समजू नये. २०१५ च्या बालन्याय कायद्यान्वये निराधार बालकास, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. नोंदणी न केलेले बालगृह चालविणे हा गुन्हा आहे, मग ते मंडळीच्या आवारात का असेना. रात्री दाराशी आलेल्या मुलीला सुवार्तिकाने आत घ्यावे, जेवू घालावे, आणि सकाळी पाळकासह तिला समितीकडे घेऊन जावे. तिच्या मागावर आलेल्या ‘मामा’ला दाराबाहेरच उभे करून पोलिसांना कळवावे.