परांचीची गाठ

नवे घर पाहावयास जाणारा मनुष्य दारे पाहतो, खिडक्या पाहतो, फरशीवरून पाय फिरवून पाहतो. ज्या परांचीवर उभे राहून ते घर कोणी बांधले, ती मात्र त्याला दिसत नाही. कारण तोवर ती सुटलेली असते. बांबू दुसऱ्या कामावर गेलेले असतात, सुंभ चुलीत गेलेला असतो आणि भिंतीतली भोके गिलाव्याने बुजलेली असतात. इमारतीला कोनशिला असते, तिच्यावर नाव असते, साल असते. परांचीला यातले काही नाही. तरीसुद्धा सोलापुरात गेल्या दीडशे वर्षांत जे जे उंच उभे राहिले, मग ते १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीचे कारखाने असोत, वारदांचे नक्षीदार इंद्रभुवन असो, की गल्लीतले दोन मजली घर असो, त्यासाठी कोणीतरी आधी लाकडांच्या आणि दोरांच्या सांगाड्यावर चढले होते. त्या सांगाड्याविषयी आज बोलू.

एक खुलासा आधी केलेला बरा. पुष्कळ लोक परांची आणि सेंटरिंग यांत घोटाळा करतात. सेंटरिंग म्हणजे स्लॅब ओतताना खालून दिलेला आधार. ते काँक्रीटचे ओझे पेलते. परांची माणसाचे ओझे पेलते. सेंटरिंग खचले तर मालकाचे पैसे जातात, म्हणून त्यावर मालक, इंजिनियर, कंत्राटदार सगळ्यांचे लक्ष असते. परांचीकडे तितक्या डोळ्यांनी कोणी पाहत नाही. या लहानशा फरकात पुढचा बराच इतिहास आला.

आपल्याकडच्या जुन्या कारागिरांना या सांगाड्याचा धोका कळत नव्हता असे नाही. वेरूळचे कैलास लेणे घ्या. आठव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या काळात, ते डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत नेले. आधी शिखर, मग मंडप, शेवटी जोते. मूळचा खडक हाच पाथरवटाच्या पायाखालची जमीन होता, आणि काम जसे खाली उतरे तशी ती जमीनही खाली उतरे. इतकी चोख परांची पुन्हा कोणाला साधली नाही! पण बांधीव कामाला ही सोय नाही. भिंत खालून वर चढते, तेव्हा माणसालाही तिच्याबरोबर वर चढावे लागते.

चढण्याच्या रीती दोन. एकेरी परांचीत खांबांची एकच ओळ असते, आणि आडव्या लाकडाचे दुसरे टोक भिंतीतच बसवतात. त्यासाठी एक वीट गाळून भोक ठेवतात. जुन्या वाड्याच्या भिंतीत ओळीने चौकोनी भोके दिसली आणि त्यांत पारव्यांनी घरे केलेली असली, तर ती पुष्कळदा याच कामाची असतात. दुहेरी परांचीत खांबांच्या दोन ओळी असतात आणि ती भिंतीवर भार टाकत नाही. दगडी कामाला ही दुसरी रीत लागते, कारण घडीव दगड मधूनच गाळता येत नाही. दुहेरीला बांबू जवळजवळ दुप्पट लागतात. म्हणून जिथे कोणी विचारणारे नाही, तिथे आजही एकेरीवर भागवतात.

आता या परांचीचा जीव कशात असतो? बांबूत नव्हे. चांगला बांबू माणसाला सहज पेलतो. तिचा जीव गाठीत असतो. एक साधा हिशेब करून पाहा. दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद असा एक खण धरा. त्यावर दोन गवंडी आणि एक बिगारी, मिळून १८० किलो. पन्नास विटा, विटेला तीन किलोप्रमाणे १५० किलो. माल भरलेली चार घमेली, ८० किलो. झाले ४१० किलो, आणि फळ्यांचे वजन निराळे. हे सारे चार कोपऱ्यांवरच्या चार गाठींना टांगलेले असते. गाठ दोराच्या आवळण्याने बांबूला धरून ठेवते. तिथे ना खिळा असतो ना खाच.

आणि सोलापूरची हवा या गाठीची वैरीण आहे. काथ्याचा किंवा सुंभाचा दोर भिजला की फुगतो आणि आवळतो. वाळला की सैल पडतो. ओला बांबू वाळताना बारीक होतो. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा चाळिशीच्या पुढे जातो, हे सोलापूरकरांना सांगावयास नको. सकाळी पाणी मारून घट्ट आवळलेली गाठ चार दिवसांच्या उन्हात आपली आपण ढिली होते, आणि वरून पाहणाऱ्याला ती होती तशीच दिसते. जाणता मिस्त्री दोर आणि बांबू यांच्यामध्ये लाकडी पाचर ठोकून ती पुन्हा आवळतो. पण त्यासाठी त्याने रोज सकाळी एकेका गाठीला हात लावून पाहावयास हवे. जो पाहतो त्याच्या कामावर माणूस पडत नाही. जो पाहत नाही त्याच्याही कामावर पुष्कळदा पडत नाही, आणि खरा घात तिथेच आहे.

गाठ माणसाच्या हातातून काढून वस्तूत घालावयाची, असा विचार लंडनमध्ये पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे सुरू झाला. तोवर तिकडेही लाकडी वासे आणि दोरच होते. पामर जोन्स नावाच्या गृहस्थाने दोराऐवजी लोखंडी पकड काढली. १९१३ साली बकिंगहॅम राजवाड्याच्या दर्शनी भागाच्या कामावर त्या पकडी वापरल्या गेल्या, तेव्हा त्यांचा बोलबाला झाला. १९१९ च्या सुमारास पोलादी नळ्या आणि नटबोल्टाने आवळण्याचा क्लॅम्प ही जोडी आली. नळीचा बाहेरचा व्यास सुमारे ४८ मिलिमीटर. तेव्हा ठरलेले हे माप जगभर अजून चालते आहे. नळी वाळून बारीक होत नाही, क्लॅम्प उन्हात सैल पडत नाही. परंतु नट किती आवळावयाचा, हे पुन्हा माणसाच्याच मनगटावर राहिले. मग १९७६ साली इंग्लंडातल्याच एका कंपनीने कपलॉक आणले. खांबाच्या नळीवर दर अर्ध्या मीटरला एक वाटी कायमची जोडलेली असते. तिच्यात आडव्या नळीचे टोक ठेवायचे, वरची सरकती वाटी खाली आणायची आणि हातोड्याचा ठोका द्यायचा. एका ठिकाणी चार नळ्या बसतात, आणि हरवायला सुटा नट नाही. बसले की नाही, ते खाली उभ्या असलेल्या माणसालाही दिसते. माझ्या मते या सबंध कहाणीत मोलाची गोष्ट हीच. आतली सैल गाठ जी लपवून ठेवत असे, ते वाटी उघडे करते.

दुसरी सुधारणा पायाशी झाली. तिचे महत्त्व लंडनपेक्षा सोलापूरला अधिक कळावे, कारण आपली काळी माती. पावसात ती फुगते, उन्हात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यातून नवी भिंत उभी राहिली की तिच्यावर रोज पाणी मारावे लागते, आणि ते पाणी ओघळून नेमके भिंतीच्या कडेला, परांचीच्या पायांशी मुरते. एक पाय बोटभर खचतो, शेजारचा खचत नाही. वर वीस-पंचवीस फुटांवर त्याच बोटभर खचण्याने सारा सांगाडा भिंतीपासून ओळंबा सोडून झुकतो. बांबूच्या खांबाखाली यावर उपाय एकच, दगड किंवा फळीचा तुकडा ढकलणे. पोलादी परांचीच्या पायाशी पत्र्याची बैठक आणि उभा स्क्रू असतो, त्याला जॅक म्हणतात. मूठ फिरवली की पाय वर-खाली होतो आणि सांगाडा पुन्हा ओळंब्यात येतो. मात्र दोन पथ्ये पाळावी लागतात. बैठकीखाली लांब फळी हवीच, नाहीतर लोखंडही चिखलात बसते. आणि स्क्रू हवा तितका बाहेर काढता येत नाही. त्याचा पुरेसा भाग नळीच्या आत राहिला पाहिजे. फार बाहेर काढला तर तो वाकतो.

उंची बदलण्याची सोय ही सुरक्षिततेची गोष्ट आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. गवंड्याचा हात गुडघ्यापासून छातीपर्यंत नीट चालतो. म्हणजे चार-साडेचार फूट भिंत चढली की फळी वर न्यावी लागते. दोराच्या परांचीत यासाठी सगळ्या गाठी सोडा, बांबू वर घ्या, पुन्हा बांधा. अर्धा दिवस जातो. मग काय होते? "एकच थर राहिलाय," असे म्हणून गडी फळीवर चार विटा रचतो आणि त्यांच्यावर उभा राहतो. हात पोचत नाही म्हणून टाचा उंचावतो. पडणारा माणूस नेहमीच मोडक्या परांचीवरून पडतो असे नाही. पुष्कळदा तो फूटभर कमी पडलेल्या परांचीवरून पडतो. जिची फळी दहा मिनिटांत वर सरकते, तिच्यावर हा मोह होत नाही.

इतके सारे असता बांबू अजून का टिकला? तो अडाणीपणाने टिकला असे म्हणणे अन्यायाचे होईल. साखर पेठेसारख्या जुन्या वस्तीत गल्ली अरुंद, भिंत वाकडी, मधेच सज्जा, वर विजेची तार. ठराविक मापाची लोखंडी चौकट तिथे बसत नाही. बांबू हवा तसा कापता येतो. मेच्या दुपारी तापलेली नळी हातात धरवत नाही, बांबू धरवतो. विजेच्या तारेला नळी टेकली तर काय होईल ते सांगावयास नको. पूर्वी तर लोखंड मिळणेच दुरापास्त होते. स्वातंत्र्यानंतर कितीतरी वर्षे ते परमिटवर मिळे. ते परांचीला कोण लावणार?

पण खरे कारण पैशाचे आहे. मोठ्या ठेकेदारीचे नाते सोलापूरशी जुने आहे. याच शहरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी लक्ष्मणराव फाटकांच्या भागीदारीत बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून आरंभ केला, आणि १९२६ साली त्यांनी उभारलेली कंपनी पुढे हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन म्हणून देशभर गेली. अशा कंपनीला पोलादी सामान विकत घेऊन पन्नास कामांवर फिरवणे परवडते. एका घराचा ठेका घेणाऱ्या मिस्त्रीला नाही. २०२४ च्या जानेवारीत कुंभारीजवळच्या रे नगरात विडी कामगार आणि इतर कष्टकऱ्यांसाठीच्या ३०,००० घरांपैकी १५,००० घरे देण्यात आली. अशा एकसारख्या इमारतींच्या रांगेत सामान एकीवरून दुसरीवर हलते आणि भाडे वसूल होते. गल्लीतल्या एका घराला ते कुठून वसूल होणार?

त्यात आपल्या हिशेबाची एक जुनी सवय. सरकारी दरसूचीत गिलाव्याचा दर वाचा. 'परांचीसह' असा शब्द त्यातच घातलेला असतो. म्हणजे परांचीला निराळी किंमत नाही, ती गिलाव्याच्या पोटात गेली. मग जितकी फळी कमी, जितका कठडा कमी, तितका ठेकेदाराचा फायदा अधिक. मनुष्य वाईट असतो म्हणून असे होते असे नव्हे. हिशेबच तसा मांडलेला आहे.

कायदे आणि नियम झाले, नाही असे नाही. १९२३ च्या कायद्याने कामावर जखमी झालेल्या कामगाराला भरपाईचा हक्क दिला, तो पडल्यानंतरचा. भारतीय मानक संस्थेने १९६४ साली पोलादी परांचीचे मानक काढले, १९६६ साली परांचीच्या सुरक्षिततेची संहिता काढली. फळीला कठडा किती उंच, कडेला उभी पट्टी किती, सारे त्यात आले. ही उभी पट्टी मोठी गुणाची असते. ती माणसाला अडवत नाही, पण घरंगळणारी वीट अडवते आणि खाली घमेले घेऊन उभ्या असलेल्या बाईचे डोके वाचवते. १९९६ साली खास बांधकाम कामगारांसाठी कायदा झाला, १९९८ साली केंद्राचे नियम आले, २००७ साली महाराष्ट्राचे. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर गोळा होऊ लागला, आणि वर्षात ९० दिवस काम केलेल्या कामगाराची कल्याणकारी मंडळात नोंद होऊ लागली.

त्या मंडळाकडून नोंदलेल्या कामगाराला सुरक्षा संच मिळतो. त्यात हेल्मेट असते, बूट असतात, कमरेला आणि खांद्यांना बांधण्याचा पट्टा असतो. पट्टा उत्तम आहे. पण त्याचा आकडा अडकवावयाचा कुठे? सुंभाने बांधलेल्या आडव्या बांबूला अडकवला, तर पडताना गडी आणि बांबू दोघे बरोबरच खाली येतील. म्हणून बहुतेक ठिकाणी तो पट्टा पिशवीत असतो आणि पिशवी खुंटीवर.

तुम्ही घर बांधावयास काढाल, किंवा बाहेरून रंग काढावयास सांगाल, तेव्हा ठेकेदाराकडून अंदाजपत्रक घ्या आणि परांचीची रक्कम निराळ्या ओळीत लिहून मागा. पायाखालच्या फळ्या, कठड्याच्या दोन नळ्या, कडेची पट्टी, जॅकच्या बैठका आणि भिंतीला दिलेले ताण, एकेकाचे भाडे त्याला मांडू द्या. कोणते आकडे कोरे राहिले, ते त्या कागदावर दिसेल.