पेन ड्राइव्हमधील जुनें कोष्टक

लग्नाच्या चित्रीकरणाची ५ जीबींची एकच फाइल ३२ जीबींच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर उतरवूं गेलें, तर पुष्कळदां संगणक ती घेण्याचें साफ नाकारतो. दोष फाइलीचा नाहीं, ड्राइव्हचाहि नाहीं. या आडकाठीचें मूळ शोधण्यास चाळीस वर्षांहून अधिक मागें जावें लागतें.

साठवणींत फाइली तुकड्यातुकड्यांनीं ठेवलेल्या असतात. कोणता तुकडा कोठें आहे, याची जंत्री ठेवण्याची जी रीत, तीच फाइल सिस्टिम. १९७७ सालीं मार्क मॅकडोनल्ड यांनीं मायक्रोसॉफ्टच्या बेसिकसाठीं असें एक कोष्टक रचलें. ‘फाइल अलोकेशन टेबल’, म्हणजेच फॅट, तें हेंच. टिम पॅटर्सन यांनीं १९८० सालीं ही कल्पना आपल्या ८६-डॉसमध्यें घेतली. त्याचेंच पुढें एमएस-डॉस झालें, आणि १९८१ पासून आयबीएमच्या संगणकाबरोबर फॅट सर्वत्र पसरलें. रचना इतकी साधी कीं पुढें कॅमेरे आणि मोटारींतले रेडिओ यांनाहि ती उमगली.

१९९३ सालीं विंडोज एनटीबरोबर एनटीएफएस आली. ती अधिक भक्कम खरी; तींत बदलांची नोंद आधीं होते, म्हणून मध्येंच वीज गेली तरी घडी सहसा विस्कटत नाहीं. परंतु मॅकवर ती वाचतां येते, लिहिण्याची सोय मात्र मुळांत नाहीं. गांवोगांव हिंडणाऱ्यानें एकाच घरांत कळणारी बोली शिकावी, तशांतला हा प्रकार!

म्हणून जुनें फॅटच वाढवीत नेलें गेलें. १९९६ सालच्या फॅट३२ मध्यें फाइलीचा आकार ३२ बिटांत लिहितात. त्यांत ४,२९,४९,६७,२९५ बाइटांपलीकडचा आंकडा मावतच नाहीं. लग्नाचें चित्रीकरण अडतें तें येथें.

२००६ सालच्या एक्सफॅटनें ही अडचण दूर केली, आणि २००९ मध्यें ३२ जीबींहून मोठ्या एसडी कार्डांसाठीं तेंच मुक्रर झालें. मात्र त्यावर मायक्रोसॉफ्टची मालकी होती. फॅटच्या पेटंटांवरून त्याच वर्षीं टॉमटॉम कंपनीवर दावाहि झाला. तो तडजोडीनें मिटला. अखेर ऑगस्ट २०१९ मध्यें एक्सफॅटचा तपशील खुला करण्यांत आला, व त्याच वर्षीं लिनक्सनें तें आपल्या गाभ्यांत घेतलें.

तेव्हां जुना रेडिओ असेल तर फॅट३२, एरव्हीं एक्सफॅट, हेंच घरगुती वापरास सोयीचें. मात्र एनटीएफएससारखी नोंदवही दोहोंतहि नाहीं. लिहिणें चालूं असतां ड्राइव्ह उपटल्यास जंत्री बिघडूं शकते. शिवाय फॉरमॅट बदलतांच ड्राइव्हवरील पूर्वीची जंत्री जाते, म्हणून आंतील छायाचित्रें आधीं दुसरीकडे उतरवून घ्यावीं लागतात.