छायाकृती-कोलाज (आत्मचित्र)

स्वतःच्या चेहऱ्याची बाजूने दिसणारी बाह्यरेषा कागदावर उतरवून ती मासिकांतल्या कात्रणांनी भरण्याचा चित्रप्रकार. रेषेतून कपाळ, नाक, हनुवटी एवढेच कळते. डोळे आणि हावभाव नसतात. त्यांचे काम कात्रणांनी करायचे असते.

संज्ञा : मराठीत ‘छायाचित्र’ हा शब्द फोटोसाठी रूढ झाल्याने सावलीवरून काढलेल्या चित्राला ‘छायाकृती’ म्हणावे लागते. अशा चित्राचे ‘सिल्हूट’ हे नाव एत्येन द सिलुएत या फ्रान्सच्या अर्थमंत्र्यावरून आले. १७५९ मध्ये तो काही महिने पदावर होता. त्याच्या काटकसरीमुळे स्वस्तातल्या वस्तूंना त्याचे नाव चिकटले, अशी व्युत्पत्ती सहसा दिली जाते.

पूर्वपीठिका : ओग्युस्त एदुआर (१७८९–१८६१) केवळ नजरेने, कात्रीने छायाकृती कापत असे. कागद दुमडून कापल्यामुळे दुसरी प्रत त्याच्याकडे राही. १८३९ नंतर फोटोग्राफीने हा धंदा मागे पडला.

कोलाज व हाना ह्योख : पिकासो आणि ब्राक यांनी १९१२ मध्ये चित्रात कागद चिकटवले. मासिकांच्या कात्रणांना मात्र खरी भाषा मिळाली ती बर्लिनमध्ये. फोटोमोंटाज, म्हणजे छापील फोटोंच्या कात्रणांचे कोलाज, प्रथम कोणी केले, याबद्दल तिथल्या दादा या कलाचळवळीतल्या कलाकारांचेच दावे वेगवेगळे आहेत. त्यांच्यातली हाना ह्योख (१८८९–१९७८) उल्श्टाइन या प्रकाशनसंस्थेत विणकाम-भरतकामाचे नमुने आखत असे. नमुन्यांच्या या कामातली सफाई तिच्या चित्रांत दिसते. स्वयंपाकघरातल्या सुरीचे नाव शीर्षकात असलेले तिचे मोठे कोलाज १९२० च्या बर्लिन दादा प्रदर्शनात लागले होते. त्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, स्त्रियांना मताधिकार असलेले देश दाखवणाऱ्या नकाशाच्या कडेला, तिने स्वतःचा चेहरा चिकटवला आहे, तोही अगदी लहान. ही छायाकृती नव्हे. पण कात्रणांतून ‘मी कुठे उभी आहे’ हे सांगणारे याहून नेमके आत्मचित्र दाखवणे कठीण. ऐंशी उलटल्यावर तिने ‘जीवनचित्र’ (१९७२–७३) केले. त्यात तिचे निरनिराळ्या वयांतले फोटो आणि तिच्याच जुन्या कृती एकत्र आहेत.

कृती : खोलीत एकच दिवा ठेवावा. बसणाऱ्याने कागद लावलेल्या भिंतीला खेटून बसावे आणि दिवा लांब असावा. तो जवळ आला की सावली फुगते, कडा पुसट होतात. स्वतःची सावली स्वतः आखता येत नाही, कारण कागदाकडे पाहायला वळले की बाजूचा चेहरा मोडतो. रेषा दुसऱ्याकडूनच आखून घ्यावी लागते; आत्मचित्र असूनही त्यात अशी दुसऱ्या हाताची सोबत असते. नाकाखालची खाच आणि ओठांची वळणे नीट उतरली नाहीत, तर माणूस ओळखू येत नाही.

कात्रणे रेषेबाहेर थोडी जाऊ द्यावीत. पातळ छपाई-कागदावर ओलाव्याने मागचा मजकूर उमटतो आणि सुरकुत्या पडतात, म्हणून डिंक पाठकागदाला, तोही हलका लावावा. पुस्तकांच्या वजनाखाली वाळल्यावर मग कापावे. कात्रणांखाली झाकली गेलेली रेषा मागून आखल्यास चेहरा उलट दिशेला वळतो, हे ध्यानात ठेवावे. कापताना कात्री स्थिर ठेवून कागद फिरवावा.

उत्तरकाळ : अमेरिकन चित्रकर्ती कॅरा वॉकरने १९९४ पासून काळ्या छायाकृतींतून गुलामगिरीचा इतिहास मांडला.

जतन : हलका छपाई-कागद उजेडात पिवळा पडतो, चित्र उन्हात टांगू नये.